यात सगळे आहेत

"पुरे. कळलं."

उजव्या हाताचा तळवा समोर धरून ते हे दोन शब्द म्हणायचे आणि समोरचा माणूस जिथे असेल तिथे थांबायचा. गाणारा ओळीच्या मध्यात, बोलणारा वाक्याच्या मध्यात. एकदा मंगल कार्यालयात नवरीचे मामा त्यांना जेवणाचा आग्रह करत होते, त्यांनाही त्यांनी असंच थांबवलं. मामा हातात जिलबी घेऊन उभेच राहिले.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याचं नाव निघालं की आपलं तोंड वाकडं होतं, तरी त्याच्याबरोबर आपण वर्षानुवर्षं काम करत राहतो. मी इथे त्यांना 'ते' म्हणते आहे, कारण शाळेत शिकवून तशी सवय लागली आहे. आदर मला त्यांच्या बोटांबद्दल होता. माणूस मला कधीच आवडला नाही, आणि ते गेल्यावर सगळे हळवे होऊन बोलायला लागले तरी माझं मत बदललेलं नाही.

मला त्यांनी पहिल्यांदा थांबवलं ते नानांच्या गोदामात. नाना म्हणजे आमच्या चिखलीतले मंडपवाले. बांबू, सतरंज्या, खुर्च्यांचे ढीग, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक काळा उभा पियानो, त्याच्यासमोर ते बसलेले. नानांना मंडपाच्या धंद्यासोबत ऑर्केस्ट्राचाही नाद होता आणि त्यांना गाणारी बाई हवी होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाणं हे सुट्टीच्या दिवशीचं सुख. मी जेमतेम दोन ओळी गायले असेन, तोच तळवा वर आला.

"पुरे. कळलं. पट्टी काळी चार. श्वास चुकीच्या जागी घेतात. पोरांवर ओरडून गळा जाड झालाय."

हे सगळं ते नानांना सांगत होते. मी तिथे नसल्यासारखी.

नानांनी विचारलं, "पण सर, आवाज कसा वाटला?"

"आवाज चांगला आहे. ते त्यांना ठाऊक आहे. मी कशाला सांगू?"

मी तेव्हाच घरी निघून यायला हवं होतं. पण मी पुढचं कडवं गायला लागले तेव्हा त्यांनी माझ्या आवाजाखाली जे काही वाजवलं, ते ऐकल्यावर पाय निघेना.

त्यांची हकीकत गावात सगळ्यांना माहीत होती, कारण नाना ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. चर्चमधल्या पियानोवर एका म्हाताऱ्या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवलं. पुढे औरंगाबादच्या एका मोठ्या हॉटेलात ते कित्येक वर्षं पियानो वाजवत होते. अजिंठा बघून आलेले पाहुणे संध्याकाळी चहा प्यायचे आणि हे कोपऱ्यात कोट घालून वाजवायचे. मग हॉटेल नवीन माणसाच्या हातात गेलं आणि त्या कोपऱ्यात भिंतीवरून पाणी पडणारं कारंजं बसवलं. यांनी निघताना पियानो मागून घेतला, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, पोत्यांत नीट बसवून टेम्पोनं गावी आणला. लग्न केलं नव्हतं. मिशनच्या आवारातल्या खोलीत पियानो मावेना, म्हणून तो नानांच्या गोदामात आला आणि त्याच्यामागून हेही आले.

नानांकडे टेम्पो होता, हमाल होते. मंडपाच्या बांबूंबरोबर पियानोही लग्नाला जायला लागला. आमच्या भागात लोकांनी हे कधी पाहिलं नव्हतं. बाया नवरदेवाला ओवाळायच्या आधी पियानो बघून यायच्या. पण गाडीत हादरे बसायचे, ऊन लागायचं, आणि तारा उतरायच्या. लोणारला एका भर उन्हाळ्यातल्या लग्नात ते झाकण उघडून, किल्ली घेऊन एकेक तार लावत बसले होते. नवरदेवाचा भाऊ घाम पुसत आला.

"सर, सुरू करा ना. वरात दारात आली."

"वरातीला सांगा, अजून एक फेरी मारा. सूर लागला नाही."

तो नानांकडे तक्रार घेऊन गेला. नानांनी हात जोडले आणि वरातीनं खरोखरच आणखी एक फेरी मारली.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे वाद्य, ते त्याचं नाव. मी 'गळा'. आमचा ढोलकीवाला सुखदेव, तो 'ढोलकी'. सुखदेव माझ्याच वस्तीतला, मला ताई म्हणणारा. त्याचे आजोबा, वडील, सगळे ढोलकी वाजवत आले. यानं शाळा अर्धी सोडली; शिकायचं ते चामड्यावर शिकला. त्याचं आणि त्यांचं रोज भांडण.

"काऊन बे ढोलकी, घाई कशाची आहे? घरी कुकर लावून आलास का?" चिडले की त्यांचं औरंगाबादचं मराठी गळून पडायचं आणि खाली लहानपणची वऱ्हाडी निघायची.

"मी बराबर जाऊन राह्यलो, सर. तुमीच मांगं राह्यता."

"मी मागे नाही. गळ्याला श्वास घ्यायला जागा देतोय. तिच्याकडे बघ."

तीच त्यांची खरी करामत. ते माझ्याकडे बघून वाजवायचे. रोहिणखेडला एका कार्यक्रमात मला सर्दी झालेली होती आणि वरचा सूर लागेना. मी त्या जागेकडे घाबरत घाबरत निघाले होते. माझा चेहरा त्यांनी पाहिला, आणि कडव्याच्या आधीच्या तुकड्यात असं काही फिरवून आणलं की आम्ही काळी चारवरून अलगद अर्धा सूर खाली, पांढरी पाचवर उतरलो. सुखदेवनं नुसती मान हलवली आणि ढोलकीचा आवाज थोडा दाबला. समोर बसलेल्या कुणालाही कळलं नाही. माझा सूर लागला, टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर मी आभार मानायला गेले.

"पाणी पीत जा," ते म्हणाले. "फुकट असतं."

त्यानंतर ते माझ्याशी परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. हे असं. तुम्ही त्यांना चांगलं म्हणायला जावं आणि त्यांनी तुमच्या हातातलं ते चांगलं काढून फेकून द्यावं.

एका दिवाळीनंतर सराव होता. ते खांद्याला लांब काळी पिशवी अडकवून आले. पियानोकडे गेलेच नाहीत. पिशवीतून कीबोर्ड काढला, दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला, वायर लावली. असले कीबोर्ड आता सगळीकडे दिसतात. डाव्या हातानं एक-दोन पट्ट्या धरल्या की ताल, बेस, व्हायोलिनं, सगळं आपोआप मागे वाजायला लागतं. त्यांनी एक बटण दाबलं आणि आतून ढोलकी वाजली. सुखदेव आधी हसला. जवळ जाऊन कान लावून ऐकलं.

"कोन वाजवून राह्यला यात?"

"कुणी नाही. यात सगळे आहेत."

सुखदेवला वाटलं खेळणं आहे. त्यानंही दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मग ते नानांकडे वळून, सहज, पंख्याचा वेग कमी करा म्हणावं तसं बोलले, "पुढच्या कार्यक्रमापासून हा आणि गळा. बाकी कुणी लागणार नाही."

 मी नानांचा चेहरा पाहत होते. टेम्पोत पियानो चढवायला नको, इतक्या माणसांची जेवणं नकोत. त्यांना आत कुठेतरी बरंच वाटलं असणार.

सुखदेव म्हणाला, "सर, मंग माह्या ढोलकीचं काय?"

"घरी वाजव."

बेस गिटार वाजवणारा एक पोरगा होता, तो तसाच सायकल काढून निघून गेला. सुखदेवनं ढोलकी गवसणीत घातली, दोरी बांधली. बांधायला त्याला फार वेळ लागला, आणि ते मात्र पूर्ण वेळ पाठ करून कीबोर्डची बटणं बघत बसले होते.

मी राहिले. सुखदेवनं मला त्याबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मला गायचं होतं आणि गावात दुसरा ऑर्केस्ट्रा नव्हता.

पण ते गाणं राहिलं नाही. तुम्ही कधी मशीनबरोबर गायलात का? मशीन दमत नाही, त्याला गंमत वाटत नाही, वाट बघणं त्याला ठाऊक नाही. मी नेहमीच्या जागी सूर धरायची, आणि खालून ताल पुढे निघून जायचा. मी धावत त्याला गाठायची. सोनाळ्याच्या एका लग्नात मी सुराला थांबले, तर मागची व्हायोलिनं पुढच्या ओळीवर जाऊन पोचली होती. पाहुणे नाचत होते, त्यांना काय त्याचं. मी उतरल्याबरोबर त्यांना धरलं.

"तुम्ही आधी थांबायचे माझ्यासाठी."

"आधी मी होतो. आता हे आहे. मोजून गात जा."

"मी काय पाढे म्हणते आहे का?"

"शिक्षिका आहात. जमायला हवं."

मला इतका राग आला की येताना मी टेम्पोत पुढे न बसता मागे बांबूंवर बसून आले.

गोदामातल्या पियानोवर खुर्च्यांची चळत लागली. नानांची माणसं त्यावर चहाचे कप ठेवायची, त्याचे गोल डाग उमटले. पूर्वी कुणी नुसतं बोट लावलं तर हे अंगावर यायचे. आता डाग बघायचे आणि पुढे जायचे. मी मनात म्हटलं, एवढंच होतं तर तुमचं प्रेम. हॉटेलनं तुमच्याशी जे केलं तेच तुम्ही आमच्याशी केलंत, आणि त्या पियानोशीही.

सुखदेव एका ठेकेदाराकडे फरशा बसवायच्या कामावर जायला लागला. संध्याकाळी वस्तीत यायचा तेव्हा कोपरापर्यंत पांढरा असायचा. बायको सांगायची, घरात ढोलकी खुंटीवर आहे आणि तिच्याकडे बघायचं नाही असा नवा नियम आहे.

मग जयंतीचा कार्यक्रम आला, तोही आमच्याच वस्तीत. स्टेज, निळे झेंडे, समोर सगळी ओळखीची माणसं, लेकीबाळी माहेरी आलेल्या. नानांनी यांना आणि मला लावलं. संध्याकाळी सुरुवात झाली. पहिलं गाणं संपलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सुखदेवले बसवा." मग दुसरा, मग सगळी वस्ती. ढोलकी कुणीतरी घरून आणलीसुद्धा.

सुखदेव स्टेजवर आला. नवा पांढरा शर्ट घातला होता. मांडी घातली, ढोलकी मांडीवर घेतली, आणि माईक ओढून म्हणाला, "सर, थे मशीन बंद करा. तुमी हातानं वाजवा, मी हातानं वाजवतो. लोकायले आयकू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही, खरं सांगते, बरं वाटलं. मला वाटलं आता जिरेल.

 त्यांनी तालाचं बटण बंद केलं, पियानोचा आवाज लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काळी चार."

सुरुवात उजव्या हाताची होती, ती नेहमीसारखीच सुंदर झाली. मग डावा हात आला. पहिला सूर लागला, दुसरा नुसता घासला गेला, तिसरा भलताच. मला वाटलं चुकले असतील. पुन्हा तेच झालं. मी त्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं चालत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकून पट्ट्यांवर पडली होती आणि बाकीच्या बोटांबरोबर फरफटत जात होती.

समोर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलं.

सुखदेवनं माझ्या आधी पाहिलं होतं. हाताचा माणूस, हाताकडेच बघणार. त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि पुढच्याच आवर्तनाला त्यानं ढोलकीची डावी बाजू भरून, घुमवून वाजवायला घेतली. खालचा जो भाग पियानोतून यायला हवा होता, तो सगळा तो ढोलकीतून द्यायला लागला. मोठ्यानं वाजवून त्यानं तो हात झाकला. त्यांनी डावा हात हळूच मांडीवर घेतला आणि एका हातानं गाणं पूर्ण केलं. मी गायले. किती दिवसांनी माझ्या श्वासासाठी दोघं थांबले होते. लोकांना वाटलं काय रंगलं म्हणून, आणि टाळ्या थांबेनात.

स्टेजच्या मागे जनरेटरपाशी सुखदेवनं त्यांना गाठलं. मी मागोमाग होते. वाटलं, आता जवळ घेईल. त्यानं त्यांची बाही धरली.

"कवापासून?"

"मानेत नस दबली आहे. डॉक्टर म्हणतात, आता होईल तेवढंच."

"कवापासून इचारून राह्यलो मी."

"ते मशीन घ्यायच्या आधीपासून."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? तू माझ्यासाठी सोपं करून वाजवलं असतंस."

"हाव. वाजवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

सुखदेवनं त्यांची बाही सोडली. मग त्यानं स्वतःचे दोन्ही हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. सिमेंटनं चिरलेली बोटं, सोललेले तळवे, दोन नखं काळी पडलेली. आज इतक्या दिवसांनी वाजवल्यावर एका भेगेतून रक्त आलं होतं आणि नव्या शर्टाच्या बाहीला लागलं होतं.

"तुमचा एक गेला, सर," तो म्हणाला. "तुमी माहे दोन्ही घेतले."

तो निघून गेला.   

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशनच्या आवारात त्यांच्या खोलीवर गेले. त्यांना धीर द्यायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, मला बसा म्हणाले नाहीत.

"हाताला झालं ते झालं," मी म्हटलं. "तोंडाला काय झालं होतं? एक वाक्य सांगायचं होतं. दोन माणसं घरी बसली नसती."

"आणि तुम्ही काय केलं असतं, ते मी सांगू? तुम्ही शिक्षिका. लगेच मदतीचा कार्यक्रम घेतला असता. चौकात बॅनर. त्यावर माझा फोटो, खाली हात जोडलेले नाना. आमदारांना बोलावलं असतं. मला व्हीलचेअरवर नसतं बसवलं एवढंच."

अगदी हेच आम्ही केलं असतं. बॅनरचा मजकूरसुद्धा मीच लिहिला असता.

"लोकांनी मला हलकट म्हटलेलं मला चालतं," ते म्हणाले. "सवय आहे."

"तुमचं चालतं हो. सुखदेवचं काय?"

त्यावर तळवा वर आला. मी तो तळवा बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदाच. हलका लागला मला तो, कागदासारखा. मी म्हटलं, "आज नाही पुरे. आज ऐका." आणि मग जे मनात होतं ते सगळं बोलले, सोनाळ्याच्या व्हायोलिनांपासून खुंटीवरच्या ढोलकीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी इतकंच म्हणाले, "ढोलकीला सांगा, रविवारी ये."

तुम्हाला वाटेल इथून सगळं सुरळीत झालं. नाही झालं. सुखदेव आला खरा, माझ्या शब्दाखातर. त्यांनी मशीनमधला ताल बंद ठेवला, फक्त बेस आणि मागचे सूर चालू ठेवले. दोन बोटांत तेवढं भागत होतं. ढोलकी सुखदेवची. कागदावर हे जमण्यासारखं होतं. पण मशीनचा बेस आपल्याच चालीनं जाणार, आणि सुखदेवला त्याच्या मागे मागे जावं लागणार. अर्ध्या गाण्यात त्यानं हात थांबवले. बेस वाजतच राहिला.

"हे माह्याकडं पाह्यतच नाही," सुखदेव म्हणाला.

त्यांनी मशीन बंद केलं. "नाही पाहत," ते म्हणाले. दुसरं काही नाही. चूक झाली म्हणाले नाहीत, माफ कर म्हणाले नाहीत. सुखदेव ते ऐकायला आला होता हे नानांच्या हमालांनाही कळत होतं. तो वाट बघून उठला आणि गेला. मी त्यांना म्हटलं, "दोन शब्द होते." ते वायर गुंडाळत बसले. एका हातानं नीट गुंडाळता येत नव्हती. मी मदत केली नाही.

त्यानंतर नानांचा ऑर्केस्ट्रा आपोआप बंद पडला. लग्नांत डीजे आले, नानाही डीजेच भाड्यानं देऊ लागले. ते शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि निवृत्तीच्या समारंभांत कीबोर्ड वाजवत राहिले. आमच्या शाळेतही एकदा येऊन गेले. मुलांना त्यांनी सूर सोडून पळता म्हणून झापलं, आणि एका मुलीला पुन्हा पुन्हा गायला लावून रडवलं. माझी मुख्याध्यापकांपुढे बोलायची सोय राहिली नाही.

पुढे मानेचं दुखणं वाढलं आणि नगरला राहणारी त्यांची थोरली बहीण त्यांना घेऊन जायला आली. ते तिथेच वारले, पावसाळ्याच्या शेवटी. बातमी नानांच्या फोनवर आली. नानांनी गोदामात छोटी सभा ठेवली. एकानं त्यांना मनमिळाऊ म्हटलं, दुसऱ्यानं माणसं जोडणारे. मी बोलायला उठले नाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची ती जागा नव्हती. सुखदेव आलाच नाही.

पण ते गाव सोडून निघाले त्या दिवसाचं मला सांगायचं आहे, कारण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

बहिणीनं मला फोन करून सांगितलं होतं, म्हणून मी सकाळी स्टँडवर गेले. नगरला औरंगाबादवरून जायचं होतं, आणि औरंगाबादच्या गाडीला उशीर होता. स्टँडवर एका बाजूला फलाटाची फरशी उखडून नवीन बसवायचं काम चाललं होतं, आणि काम सुखदेवच्या ठेकेदाराचं होतं. सुखदेव उकिडवा बसून फरशी टाकत होता, रबरी हातोड्यानं ठोकत होता, पुढे सरकत होता. त्यानं आम्हाला पाहिलं होतं. मान वर केली नाही. ते बाकावर बसले होते, डावा हात झोळीत, आणि त्या ठोकण्याकडे कान लावून होते.  मी बहिणीशी प्रवासाचं काहीतरी बोलत राहिले.

गाडी लागली तशी झुंबड उडाली. बहीण थकलेली, यांचा एकच हात, आणि पत्र्याची ट्रंक जड. मी ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी कडी कुणीतरी उचलली; पाहते तर सुखदेव. त्यानं माझ्या हातातलीही कडी घेतली, ट्रंक डोक्यावर चढवली, गर्दीतून आत नेली, सीटखाली सरकवली आणि मागच्या दारानं उतरून आपल्या जागी जाऊन बसला. त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते खिडकीशी बसले. ट्रंकेवर सिमेंटची पांढरी बोटं उमटली असणार, ती ते वाकून बघत होते. गाडी मागे यायला लागली तेव्हा त्यांनी डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता तरी.

"ढोलकी," त्यांनी हाक मारली. "भिंतीकडून तिसरी फरशी. पोकळ वाजते आहे."

सुखदेव न बघताच म्हणाला, "तुमी नगरले जा."

गाडी वळली, फाटकातून बाहेर पडली. मी हात हलवला की नाही ते आठवत नाही. त्यांनी हलवला नाही, एवढं आठवतं. मी तिथेच उभी राहिले. चीड आली होती आणि ती कुणावर काढायची ते कळत नव्हतं.

सुखदेव थोडा वेळ पुढचीच फरशी ठोकत राहिला. मग हातोडा खाली ठेवला. गुडघ्यांवर सरकत भिंतीपाशी गेला, तिसऱ्या फरशीवर बोटं ठेवली, आणि ढोलकीवर मारावी तशी एक थाप दिली. शेजारच्या फरशीवर दिली. पुन्हा तिसरीवर दिली, या वेळी कान खाली नेऊन.

"हलकट मानूस," तो म्हणाला, आणि लोखंडी थापीचं टोक फटीत घालून फरशी उचकटायला लागला.